गेल्या वर्षीगत

सांगली मार्केट यार्ड. सौद्याला अजून वेळ.
दस्तगीरमामांनी लांबूनच ओळखलं,
"गेल्या वर्षीगत उचलू का पोतं?"
आणि उचललंच,
मान वळवून, तसंच हसत,
बक्षीस मिळालेल्या माझ्याच फोटोची
हुबेहूब नक्कल.

डोळ्याला लावलेला कॅमेरा
मी खाली घेतला.
"ठेवा मामा. पाठ दुखंल."
"मग आज काय न्हाई?"
"बघू."

थप्पीला टेकून बसलो दोघं.
चहात हळद पडली होती, तसाच प्यायलो.
मामा जावयाचं सांगत राहिले.
पत्र्याच्या भोकातून ऊन आलं,
पोत्यांवर चढलं,
त्यांच्या भुवयांवरच्या पिवळ्या धुळीत जरा थांबलं.
हात गेला नाही.

घरी आलो. कार्ड कोरं.
कॅमेऱ्याचा पट्टा तेवढा पिवळा,
दोनदा धुतला,
जात नाही.