उतरणं

उलंगवाडी झाली की गुणवंत ढोक्यांचं वावर आमचं.
नांगर लागेपर्यंत, म्हणजे अडीच महिने.
भाडं नाही. अट एकच,
धुऱ्यावरच्या बोरीला दगड मारायचा नाही.
पोट्टे दगड मारत नाहीत. चढतात.

पऱ्हाट्या उपटून नेल्या तरी
एखादं खुंट उरतंच, बोटाएवढं, टोकदार.
म्हणून पहिला व्यायाम रांगण्याचा:
सोळा जणं एका ओळीत, गुडघ्यांवर,
तळहातानं काळी माती चाचपत पुढे.
पोषण आहाराच्या मावशी पांदणीवरून ओरडतात,
"काय हरवलं वं मॅडम?"
"अजून काही नाही," मी म्हणते.

मग राखेची रेघ. वीस पावलं मोजून दुसरी.
शाळेच्या घड्याळाचं बटण अडकतं,
प्रत्येकाच्या खात्यात जरासा उशीर जास्तीचा पडतो.
आचल म्हणते, "हे बेइमानी हाय."
हाय. पण सगळ्यांशी सारखी.

बॉल अजून गोणीतच.
त्याच्याकडे बघत उभे राहतात सगळे,
पंगतीच्या पाठीमागे
पुढची पंगत बसायची वाट पाहणाऱ्यांसारखे.

पहिली तीन पावलं खाली बघून.
मान वर काढायची घाई नाही.
जमीन मागे ढकला,
चिखलात फसलेली बंडी ढकलता तशी.
एवढं मात्र लगेच समजतं.

चार सेकंद धावायचं, दोन मिनिटं थांबायचं.
थांबणं कुणालाच जमत नाही.
"आला दम परत, मॅडम, सोडा न."
आलेला नसतो.
त्या दोन मिनिटांत मग काहीबाही बाहेर पडतं,
कुणाची आई तेलंगणात मिरची तोडायला गेली,
कुणी भावाच्या बुटात पुढे चिंधी कोंबलीय.
मी घड्याळाकडे बघते.
ऐकू येत राहतं.

मग उड्या.
शकीलभाईंच्या पंक्चरच्या दुकानातले टायर,
अन् तुराट्यांची पेंडी, आडवी, गुडघ्याएवढी.
शेजारी टिप्पर झोपतो, शाळेचा कुत्रा.
त्याचा कान हीच आमची शिट्टी:
उतरताना कान हलला, उडी बाद.
चवड्यांवर या. गुडघा आत पडू देऊ नका.
वर जाणं कोणीही करतं रे, बोरीवरून विचारा.

खुशाल पेंदोर सगळ्यांत उंच जातो.
बचावाला खेळतो, कॉर्नरला त्याचं डोकं आधी पोचतं.
आणि खाली येतो
माळ्यावरून तुरीचा कट्टा टाकल्यासारखा.
टिप्पर उठून जागा बदलतो.
"हळू, खुशाल."
"आवाज नाही झाला
तं उडी मारली हे मले समजन कसं?"

याला उत्तर होतं माझ्याकडे.
अमरावती. विद्यापीठाची निवड, लांब उडी, शेवटची पाळी.
दुखण्याच्या आधी आवाज आला होता,
वाळली तुराटी मोडावी तसा.
अजूनही पेंडीतली काडी कुणाच्या पायाखाली मोडली
की माझा हात गुडघ्यावर जातो.
त्याला मी एवढंच म्हणाले,
"पुन्हा."

फेब्रुवारीतला गुरुवार, बाजाराचा दिवस,
निम्मे आलेच नव्हते.
मी वेदांतीच्या लेसची गाठ सोडवत होते, दातांनी.
"मॅडम, झाली."
वर पाहिलं.
खुशाल पेंडीच्या पलीकडे,
हात सैल, गुडघे अजून थोडे वाकलेले.
"केव्हा?"
"आत्ता."
टिप्पर झोपलेला. शेपटीवर ऊन.
"मला नाही ऐकू आली."

तो हसला नाही.
मातीतल्या आपल्याच दोन पावलांकडे
बघत राहिला जरा वेळ,
कोणी दुसरंच उभं राहून गेल्यासारखं.
मग आपणहून म्हणाला,
"थांबतो दोन मिनिटं."

मी घड्याळ लावलं.
बटण अडकलं.