कल्ले

माहिती अधिकारातून आलेला कागद
मी पाटीशेजारी, बर्फाच्या पेटीवर पसरला.
‘सदर कालावधीत जंतुसंसर्गाची नोंद नाही.’
खाली सही. कुणाची, ते लागत नाही.

माझी भावजय हेमांगी सातव्या खाटेवर होती.
सिझरचे टाके तिसऱ्या दिवशी पाझरायला लागले.
मग आठवीवरची शबनम,
मग दाराकडची ती मिठबावची पोर,
जिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सिस्टर जिन्यात हळूच बोलली,
हत्यारं उकळायचं मशीन नारळी पुनवेपासून बंद,
वरती चार पत्रं गेलीत.
वरती म्हणजे खंय गो बाय?
ओरोस म्हणतं मुंबई,
मुंबई म्हणते, जिल्ह्याचा अहवाल येऊ दे.
वहीत मात्र रोज टिक आहे,
मशीन चालू, मशीन चालू,
एकाच पेनाने, एकाच बैठकीत.

समिती आली त्या दिवशी
फिनेलचा वास जेटीपर्यंत.
खाटा सात आणि आठ रिकाम्या, चादरी कोऱ्या.
त्यांच्या जेवणाची सुरमई माझ्याकडूनच गेली.
साहेबांच्या माणसाने कल्ले उचलून बघितले,
नखाने दाबून बघितले,
‘ताजी आहे ना मावशी? साहेबांचं पोट नाजूक आहे.’

काल अपील लिहून घेतलं,
वीस रुपयांचा स्टॅम्प लावला.
फक्त एवढंच विचारलंय:
त्या वहीवर टिक कोणाची?
कागदाला एक खवला चिकटला होता.
झेरॉक्सवाला म्हणाला, पुसू?
म्हटलं, रवांदे.