दोन ते आठ

कुपवाड रोडला, दस्तगीर शिकलगारच्या शेडमध्ये
आमची गाडी बॉनेट उघडून उभी आहे, अकरा वाजल्यापासून.
सत्त्याण्णवची स्वराज माझदा.
पूर्वी नेत्रशिबिराची होती;
ऊन कलतं पडलं की पांढऱ्या रंगाखालून
अजून 'मोफत' एवढंच वर येतं.
मागे दोन बाक, शेगडी, पाण्याची टाकी,
सिस्टरनं शिवलेले पडदे.
पुढे डॅशबोर्डला चार जाळ्या,
ज्यांतून तीन उन्हाळे
नुसता इंजिनाचा उच्छ्वास आला.

मी म्हणालो, गॅस संपलाय, भरून टाका.
दरवर्षी भरतोच.
दस्तगीर हात पुसत म्हणाला,
"गॅस संपत नसतोय वो सर. त्यो काय डिझेल हाय?
गळतोय.
तीन वर्सं तुमी वाऱ्याला पैसे दिलासा."

सिस्टर हसली. सिस्टर म्हणजे माझी बायको.
उमदीत, माडग्याळात, जतच्या त्या सगळ्या उघड्या माळावर
एकतीस वर्षं लोक तिला सिस्टर म्हणाले,
मग घरीही तेच राहिलं.

नायट्रोजन सोडला.
सुफियाननं वाटीत साबणाचा फेस केला
आणि ब्रशनं एकेका सांध्याला लावत गेला,
म्हाताऱ्याची दाढी करावी तसा, जपून.
कंडेन्सरच्या मागच्या नटाशी
एक बुडबुडा आला.
फुटला.
बऱ्याच वेळानं दुसरा.
आम्ही चौघं डोक्याला डोकं लावून बघत होतो.
रबराची रिंग निघाली,
करंगळीच्या पहिल्या पेराशी अडेल एवढी,
वाळून चिरलेली.
पंधरा रुपये.

मग व्हॅक्यूम. पंप घरघरला,
निळा काटा शून्याच्या पार खाली गेला,
पंप बंद.
"आता अर्धा तास. काटा जागचा हलला न्हाई पायजे,"
म्हणून दस्तगीर चहाला गेला.

सिस्टर स्टूल ओढून काट्यासमोर बसली,
घड्याळ मनगटाच्या आतल्या अंगाला.
ही बसण्याची तऱ्हा मला ओळखीची.
लस टोचल्यावर पोराला काही होत नाही ना, हे बघत
ती अशीच बसायची परक्या ओट्यांवर,
कुणी पाणी विचारो न विचारो.

आणि त्याआधी एसटीत,
ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या पत्र्यापाशी,
मांडीवर तो निळा डबा. आत चार बर्फाच्या वड्या.
मे महिना.
एकदा मी म्हणालो, हात तरी लाव बर्फाला.
तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं काही मी दानपेटी फोडायला सांगितली.

काटा हलला नाही.

गॅस तोलून भरला, वाण्यानं साखर द्यावी तसा,
काटा बघत, शेवटी चिमूटभर कमी.
रेस दिली. कॉम्प्रेसर टक् करून लागला,
इंजिनाचा आवाज जरासा खाली बसला,
पाठीवर पोतं घेतल्यागत.

सिस्टरनं पर्समधून तबकडीचा थर्मामीटर काढला.
निवृत्तीच्या दिवशी सगळं सरकारी सामान मोजून परत केलं,
काच तडकलेला हा एवढा कुणी घेतला नव्हता.
जाळीत खोचला.
चौतीस. सव्वीस. एकोणीस.
चौदाशी रेंगाळला.
अकरावर येऊन थांबला तो थांबलाच.

"जुनी गाडी हाय सिस्टर," दस्तगीर ओशाळून म्हणाला,
"ह्याच्या खाली काय जायची न्हाई."

तिनं दोन ते आठच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं,
मग काट्याकडे.
"लशीला नाही चालायचं," ती म्हणाली.

आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला,
जाळीसमोर चेहरा नेला,
डोळे मिटले.
बराच वेळ.
मी उगाच बिल वाचत राहिलो.

गाडीखाली डांबरावर पाण्याचा थेंब पडला. पुन्हा एक.
मी दचकलो. दस्तगीर, परत गळतंय!

"ते गळू द्या," तो म्हणाला.