कौल

सार्वमत समितीच्या सचिवांस,
तुमचं पत्रक पोचलं. सुधारणा सुचवायला सहा रकाने,
प्रत्येकी चाळीस शब्द.
हात कापतो माझा, आणि चाळीस शब्दांत
मला पाण्याबद्दल सांगता येणार नाही.

आमच्या गावडोंगरीत देवाला कौल लावतात.
पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या.
उजवी पडली तर होय,
डावी पडली तर थांब, अजून वर्षभर थांब.
आठ वर्षांचा असताना आबू गुरवाच्या मागं उभं राहून
मी पाहिलं,
कुठल्या पाकळीला तो किती पाणी लावतो ते.
देव खोटं बोलला नाही कधी.
विचारणाऱ्याचं बोट किती भिजलेलं, एवढंच.

सदुसष्टच्या जानेवारीत जनमत कौलाला मी शाईवर होतो.
कागदावर फूल आणि दोन पानं.
रांगेतल्या बायका हसल्या,
मास्तर, पेटीत देवच बसवलाय की काय?

शाळेच्या खिडकीबाहेर प्रभुदेसायांचा मुकादम
सकाळपासून सुपारी कातरत बसलेला.
त्यानं काहीच केलं नाही. हे लिहून घ्या.
कुठल्या कलमात बसेल असं
त्यानं काहीच केलं नाही.
खिडकी होती, खिडकीत तो होता,
आणि रांगेतल्या प्रत्येकाचं घर
त्याच्या धन्याच्या जमिनीवर होतं.

जयवंती वेळीप कागद घेऊन आत गेली
ती उभीच राहिली.
गोणपाटाचा पडदा आखूड,
खाली तिची पावलं दिसत होती. हलत नव्हती.

मी शाईची बाटली ठेवली,
फळा ओढत नेला आणि खिडकीत उभा केला.
त्यावर कालची बेरीज तशीच होती, हातचा एक धरून,
मुकादमाकडे तोंड करून.
केंद्राध्यक्ष म्हणाले, हे नियमात नाही.
मी म्हटलं, ऊन येतंय.
ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

तर पहिल्या रकान्यात लिहा: फळा.

दुसऱ्यात याद्या. त्या वर्षी तीन बायांच्या नावापुढं
नुसतंच ‘वेळीपाची बायको’.
मार्सेलिन बोटीवर, एडनच्या आसपास कुठंतरी;
त्याची आई त्याचं पत्र घेऊन आली,
ह्यात त्यानं सांगितलंय, हे धरा.
मी पत्र परत केलं. नियम होता.
बोटीवरच्या माणसाचं मत कसं यायचं
ते तुम्ही ठरवा, मला अजून सुचलेलं नाही.

आणि तुमच्या मसुद्यातला प्रश्न.
घटनेतल्या बदलाचा, साडेचार ओळींचा,
मध्ये एक ‘अन्यथा’, शेवटी ‘वगळून’.
मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं.
होय म्हटलं तर कशाला होय,
तीनदा वाचूनही कळलं नाही.
हेच ते पाणी, साहेब.

त्या वेळी कौलाआधी
सरकार खुर्चीवरून उतरलं होतं.
तुमच्या मसुद्यात ते कलम शोधलं,
चष्मा पुसून पुन्हा शोधलं.

बाकीचे रकाने कोरे ठेवतो.
‘पूर्वानुभव’ ह्या मथळ्याखाली तुम्ही विचारलंय,
तेव्हा आपला कल कुठं होता?
अठ्ठावन्न वर्षं हे मी घरात सांगितलं नाही.
बायकोनं एकदा विचारलं, शेवटच्या आजारात,
मी म्हटलं, तू आधी सांग.
ती हसली आणि कुशीवर वळली.

जयवंती गेली. तिचं घर अजून त्याच जागी आहे,
आता झावळ्या नाहीत, वर कौलं आहेत.
आत काय केलं तिनं, फूल की पानं,
मला माहीत नाही.
बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई फुंकत होती,
भाजल्यासारखी.

पाकिटाला तिकीट लावायचं होतं.
जीभ कोरडी, म्हणून वाटीत बोट बुडवलं,
आणि थांबलो जरा
बोटाकडे बघत.

आपला,
काशिनाथ पागी, निवृत्त शिक्षक