गालातली मुंगी

आधी मुंगी होती.
जेवताना ओत्तावियो मधूनच गालावर चापट मारायचा,
मग बोटांकडे बघायचा. बोटांवर काहीच नसायचं.
मी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.
इंगममध्ये मुंग्यांचं नवल नाही,
गावच साखरेवर उभं आहे.

मग मुंगी आत गेली.

चाळीस वर्षं टोपी न घालता उसात काढली त्यानं.
भुवईवरची खपली डॉक्टरनं कापली
तेव्हा तोडणी ऐन भरात होती;
टाके पडले त्याच दुपारी हा परत फडात.
"गेलं," म्हणाला. पाच वर्षं गेलंच होतं.

टाउन्सव्हिलला पडद्यावर नस दाखवली,
रेघेसारखी, मध्येच जाड झालेली.
कॅन्सर नसेला धरून चालतो, म्हणाली ती कोवळी डॉक्टर.
मला कारखान्याची छोटी गाडी आठवली,
हंगामात आमच्या परसामागून रात्री जाते ती.
रूळ सोडत नाही, घाई करत नाही,
पोचते.
कुठे, ते मी विचारलं नाही.
त्यानं विचारलं.

आता नोव्हेंबरच्या उकाड्यात पंखा बंद.
वाऱ्यानं पेटतं.
दाढी अर्धीच; उजव्या गालावर पांढरे खुंट,
तोडणी झालेल्या रानासारखे.
सूप ओठाच्या कोपऱ्यातून गळतं, त्याला पत्ता नसतो.
हे मला अजून उमगलेलं नाही:
ज्या गालाला सुपाचा चटका कळत नाही
तो इतका दुखतो कसा?

कधी म्हणतो वीज, कधी म्हणतो कोयता.
बहुतेकदा काही म्हणत नाही,
पलंगाची कड धरतो, आणि मी आकडे मोजते.
काल एकोणचाळीस.

बावन्न वर्षं मी त्याच्या उजवीकडे झोपले.
परवा आम्ही बाजू बदलल्या.
"नेरिना, इथून तू अनोळखी दिसतेस,"
म्हणाला, अर्ध्या तोंडानं हसत.

आज पहाटे जाग आली तर
त्याच्या उशीवर मुंगी. खरीखुरी, तांबडी.
उजव्या गालावर चढली,
खुंटांमधून वाट काढत भुवईकडे निघाली.
तो झोपलेला. औषधानं का होईना, गाढ.

बोट लावता येईना.
फुंकर तर नाहीच.

मी कोपरावर रेलून, श्वास धरून,
ती उतरून जायची वाट पाहिली.