दीड इंच

पिंपळनेरला, बाजार समितीच्या पटांगणात,
स्पर्धा सुरू व्हायच्या आधी
माझ्या माईकशेजारी उभे राहून
तिघं भांडत होते एका चालीवरून.

देवरे सर म्हणाले, चाल डोंगराची.
सात पावलं झाली की पाय हवेत थांबतो ना,
तो देवाच्या गडाखालचा उंबरा.
त्यांच्या प्रबंधात त्या थांबण्यावर अठरा पानं आहेत.
नवापूरचे परीक्षक कुवर म्हणाले, छे हो,
ही डांगातून घाट चढून आली,
आमच्या मामांकडे अजून अशीच वाजते.
आणि मुनाफ मास्तर, ज्यांच्या बँडनं
तालुक्यातली निम्मी लग्नं लावली,
पान थुंकून म्हणाले, माझ्या बापानं
टुरिंग टॉकीजच्या इंटरव्हलला क्लॅरिनेटवर काढली.
पोस्टर दाखवू?

पोस्टरवर चाल ऐकू येते का, सर म्हणाले.
मग प्रबंधात येते का, मास्तर म्हणाले.

मी वायरी जोडत होतो.

एकोणनव्वद साली स्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं.
पाटी अजून आहे, आत आता रिचार्ज मिळतं.
त्या मार्गशीर्षात कुडाशीच्या एका खळ्यावर
झिपा चौरेंची पावरी मी टेप केली,
रात्रभर, चार सेलवर, मशीन घोंगडीत गुंडाळून.
भोपळा, बांबू, शिंगाचं तोंड, मोरपिसं.
मेणाचा वास तेवढा टेपमध्ये आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात मशीननं टेप खाल्ली.
चुरगळलेला दीड इंच
मी दाढीच्या पात्यानं कापला,
बायकोच्या नेलपॉलिशनं टोकं चिकटवली.
आठवं पाऊल केराच्या डब्यात गेलं.
त्याच्या जागी नुसतं खट् असं काहीतरी,
आणि पुन्हा पहिलं.

तीनशे प्रती काढल्या. मग लोकांनी प्रतींच्या प्रती काढल्या.
मुंबई-नाशिकला कामाला गेलेली पोरं
त्यावर नाच शिकून गावी आली.
आठव्याला उचललेला पाय
टेकायला सूर सापडेना,
म्हणून तसाच धरायची.
मग त्यांच्या पोरांनी धरला.
मग सर आले, वही घेऊन.

स्टेजमागं झिपाबुवा बसले होते,
मोतीबिंदूच्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
पस्तीस वर्षांनी मी त्यांना सांगून टाकलं,
पात्यासकट, नेलपॉलिशसकट.
ते पावरीच्या सांध्यावर अंगठ्यानं मेण दाबत राहिले.
मग म्हणाले,
"माले माहीत व्हतं, दादा.
पोरे तशे नाचाले लागनात,
मंग मी बी तठे फुकनं सोडी दिन्हं.
दम लेवाले जागा भेटनी."
आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता,
"मन्हा बापले तठेच खोकला ये."

मला पुढचं विचारायचं होतं.
खोकला आला की त्याचा बाप काय करायचा,
थांबायचा का,
आणि नाचणारे?
तेवढ्यात कुडाशीचं नाव पुकारलं.

सोळा जण हातात हात गुंफून आले.
त्यात दोन पोरी होत्या, पहिल्यांदाच,
त्यावर कुणी काही भांडलं नव्हतं.
सर डोळे मिटून. कुवर पेन उघडून.
मास्तरांची बोटं मांडीवर,
नसलेल्या बटणांवर, अगदी बरोबर पडत होती.

पाच. सहा. सात.
सोळा पाय हवेत.

मी माईकचा आवाज थोडा वाढवला, उगाच,
आणि पटांगणभर ऐकू आला
एका म्हाताऱ्यानं नाकानं ओढलेला वारा,
लांबलचक, भोपळ्याच्या पोकळीएवढा.

मग स्पीकरनं शिट्टी मारली
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.