ताळा

नोटांच्या छापखान्यात तेहेतीस वर्षं मोजणी केली.
अंगठ्याची सवय अजून गेलेली नाही.
लग्नपत्रिकांचा गठ्ठा जरी हातात आला
तरी कोपरा उचलून फर्रकन सोडतो
आणि आकडा सांगतो.

हेमांगी सुट्टीला आली की जेल रोडच्या घरात
जेवणाच्या टेबलावर तिचे कागद पसरतात.
या वेळी म्हणाली, बाबा, एक हिशोब आहे,
माझ्या जन्माआधीपासून जुळत नाहीये.

प्रोटॉन. प्रत्येक वस्तूच्या पोटातलं पोट.
या चमच्यात, गोदावरीत, तुमच्या अंगठ्यातही.
तो स्वतःभोवती फिरल्यासारखा असतो.
फिरल्यासारखा का? तर फिरतो म्हणणंही बरोबर नाही,
पण फिरण्याचा आकडा त्याच्या नावावर आहे.
किती?
अर्धा. तसूभर कमी नाही, जास्त नाही,
कुठेही, कधीही, अर्धा.

आत तीन क्वार्क. सगळ्यांना वाटलं,
दोन असे, एक तसा, झाली बेरीज.
मग कोणीतरी खरंच मोजलं.
तिघांकडे निघाला त्या अर्ध्यातला जेमतेम तिसरा हिस्सा,
सुरुवातीला तर तेवढाही नाही.

मी चष्मा काढला.
आमच्याकडे असं झालं की दारं बंद व्हायची.

एकदा, पौषात, एक ताव कमी आला.
बोरस्ते साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून
नुसतं खिशात ठेवलं. आम्ही समजलो.
टोपल्या उलट्या केल्या, खिसे, यंत्राखालची जागा.
निवृत्ती पगारेनं तर डब्यातली पोळीही
उलगडून दाखवली.
भोंगा झाला. पुढची पाळी थंडीत ताटकळली.
पहाटे साडेतीनला सापडला:
ओल्या शाईनं चिकटलेला,
दुसऱ्या तावाच्या पाठीला पाठ लावून,
दोघं मिळून एक मोजले गेलेले.

"आमचाही पहिला संशय चिकटवणाऱ्यावरच गेला," ती म्हणाली.
ग्लुऑन. क्वार्कांना धरून ठेवणारी खळ.
खळीलाही स्वतःची फिरकी असते.
ती मोजायला प्रोटॉन एका दिशेला वळवून
एकमेकांवर आदळले, वर्षानुवर्षं.
काही सापडलं. पुरेसं नाही.
आणि अगदी बारीक वाट्याचे जे ग्लुऑन,
ते अजून कोणाच्या चिमटीत आलेले नाहीत.
शिवाय क्वार्कांच्या जोड्या येतात, जातात,
हजेरीपटावर सही न करता,
त्यातल्या काही उलट्या फिरून
असलेल्यातूनही वजा करतात.

मग उरलं ते?
"उरलं ते बहुतेक फेऱ्यांमध्ये आहे, बाबा.
गिरकी नव्हे, फेऱ्या. आतल्या आत घातलेल्या.
त्या कोणाच्या अंगावर दिसत नाहीत."

इतक्यात मंदाकिनीनं ताटात गरम भाकरी टाकली.
ओटा ते टेबल, टेबल ते गच्चीवरचे बेदाणे,
गच्ची ते पुन्हा ओटा.
सकाळपासून माझा अंगठा सवयीनं मोजत होता.
एकेचाळीस.
मी आकडा बोललो नाही.
माझी पगाराची पाकिटं मात्र
कपाटात आहेत सगळी, रबर लावून.

संध्याकाळी दसकच्या घाटावर गेलो दोघं.
पुलाच्या खांबामागे भोवरा होता,
निर्माल्यातलं एक झेंडूचं फूल धरून बसलेला.
मी म्हणालो, आमचा ताव हरवला होता तरी.
तुमचा माल तर पुरा आहे, बेरीज पक्की,
फक्त कोणाकडे किती ते माहीत नाही.
हो, म्हणाली.
म्हणजे दार अजून बंद.
बंद.
आणि इतकी वर्षं कोणी घरी गेलं नाही?

"मी आलेय ना," ती हसली,
आणि मोबाइल काढून
पुन्हा तोच आलेख बघू लागली.